हातावरचा पट्टा

मागच्या निवडणुकीतली गोष्ट. आपल्या दारव्ह्यात सभा होती. हेलिकॉप्टर उतरायच्या मैदानावर बॉम्बशोधक पथकाचा एक जवान लांब दांड्याचं यंत्र फिरवत होता. डीप सर्च मेटल डिटेक्टर म्हणतात त्याला. कोपराजवळ जो पट्टा असतो, त्याच्या जागी बुटाची नाडी बांधलेली. विचारलं तर म्हणाला, "भाऊ, वेल्क्रो गेलं त्याचं. असाच फिरवला तर तासाभरात हात सुन्न होते. अन् हात थकला का कान बी ऐकत नाही."

तेव्हापासून हा पट्टा डोक्यातून जात नाही.

हे यंत्र तसं जुनं. 1881 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या अंगातली गोळी शोधायला टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलनं असंच एक यंत्र आणलं होतं. गोळी काही सापडली नाही. सुरुंग शोधायचं, हातात धरून चालता येईल असं यंत्र बनवलं पोलंडच्या योझेफ कोसात्स्की या लष्करी अधिकाऱ्यानं, दुसऱ्या महायुद्धात, ब्रिटनमध्ये राहून. 1942 च्या ऑक्टोबरात एल अलामेनच्या लढाईत अशी सुमारे 500 यंत्रं वापरली. सुरुंगांतून पुढे सरकायचा वेग तासाला 100 मीटरवरून 200 वर गेला म्हणतात. पण वजन किती? जवळजवळ 14 किलो. थोडं पाठीवर, थोडं हातात, कानाला हेडफोन, आणि समोरून गोळीबार.

त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट तर आपल्या पुण्याजवळची, खडकीच्या बॉम्बे सॅपर्सची. सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत, फेब्रुवारी 1941, इथिओपिया. 96 तासांत 55 मैल रस्ता आणि 15 सुरुंगक्षेत्रं. म्हणजे साधारण दारव्ह्याहून यवतमाळला जाऊन परत, पण इंच इंच तपासत. दोनदा त्यांची गाडी सुरुंगानं उडाली, एका कानाचा पडदा फाटला, तरी बदली माणूस नको म्हणाले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या सन्मानपत्रात शौर्यासोबत थकव्याचाही स्पष्ट उल्लेख आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे शूर माणूस थकतो हे कोणी लिहीत नाही.

आता पट्ट्याकडे येऊ. यंत्राची जड तबकडी पुढे, मूठ मध्ये, मागे कोपराखाली एक खोबण. तबकडीचा भार मनगटाला खाली ओढतो. हात खोबणीत नीट बसला तर तो भार मनगटावरून अख्ख्या हातावर जातो; विहिरीच्या मोटेचं ओझं बैलाच्या मानेवर न येता खांद्यावर यावं तसं. पट्टा ढिला असेल तर हात उचलला जातो, तबकडी झुलते, कधी जमिनीपासून वीतभर वर राहते. तेवढ्यात खोल पुरलेली वस्तू निसटते. फार घट्टही नको, रक्त थांबतं. आणि पडलाच माणूस तर एका झटक्यात सुटला पाहिजे.

(गुप्तधनवाल्या मित्रांनो, तुम्ही मला फोन करू नका. 1878 चा कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांच्या वरचं काही जमिनीत सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं.)

तो जवान दोन वर्षं गडचिरोलीत राहून आलेला. 1 मे 2019, महाराष्ट्र दिन. कुरखेडा तालुक्यात भूसुरुंगानं 15 पोलीस आणि त्यांचा ड्रायव्हर गेला, ते आपण टीव्हीवर पाहिलं. तसल्या रस्त्यांवर हे यंत्र घेऊन पायी चालायचं, किलोमीटर न् किलोमीटर. तिथं तरी पट्टा धड होता का, असं मी विचारलं. तो नुसता हसला.

मग त्यानं नाडी सोडली, हात दोनदा झटकला, मनगटावरचा लाल वळ चोळला आणि यंत्र दुसऱ्याच्या हाती दिलं. त्यानंही आधी नाडीच बांधली.