पुसलेली अपात्रता, राहिलेली नोंद

शिक्षा नेमकी कोणत्या दिवशी संपते? न्यायालयाने घातलेली मुदत भरली की संपली, असे आपण सहज म्हणतो. परंतु परिवीक्षेचा, म्हणजेच प्रोबेशनचा, इतिहास पाहिला की हे उत्तर अपुरे वाटू लागते.

या प्रथेचे जनक मानले जाणारे जॉन ऑगस्टस हे बॉस्टनमधील बूट बनविणारे कारागीर. ऑगस्ट १८४१ मध्ये तेथील पोलीस कोर्टात एका मद्यपी आरोपीला त्यांनी स्वतः जामीन राहून सोडविले. तीन आठवड्यांनंतर तो मनुष्य इतका सावरलेला दिसला की न्यायाधीशांनी त्याला तुरुंगात न धाडता खर्चासह केवळ एक सेंट दंड केला. १८५९ मध्ये निधन होईपर्यंत ऑगस्टस यांनी सुमारे दोन हजार जणांसाठी अशी हमी घेतली. पुढे १८७८ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने पगारी परिवीक्षा अधिकारी नेमण्याचा कायदा केला.

आपल्याकडे १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत प्रथमच गुन्हा करणाऱ्यांना अशी मर्यादित सवलत होती. मुंबई प्रांताने १९३८ मध्ये स्वतंत्र कायदा केला आणि १९५८ मध्ये केंद्राचा अपराधी परिवीक्षा अधिनियम आला. मृत्युदंड वा जन्मठेपेस पात्र नसलेल्या गुन्ह्यात, दोषी व्यक्तीला चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी सोडण्याचा अधिकार न्यायालयास मिळाला. त्याच्या कलम १२ ने आणखी एक आधार दिला : दोषसिद्धीमुळे अन्य कायद्यान्वये येणारी अपात्रता अशा व्यक्तीला भोगावी लागणार नाही.

येथेच अनेक कुटुंबांचा गैरसमज होतो. अपात्रता गेली म्हणजे गुन्ह्याची नोंदही गेली, असे त्यांना वाटते. तसे नाही. परिवीक्षेचा लाभ मिळाला तरी दोषसिद्धी कायम राहते, आणि तिच्यामुळे बडतर्फ झालेल्याला नोकरीवर परत येण्याचा हक्क आपोआप मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये स्पष्ट केले. नोंद नष्ट करण्याची स्पष्ट तरतूद आहे ती अल्पवयीनांसाठी. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम २४ प्रमाणे ठरावीक काळानंतर त्यांच्या दोषसिद्धीचे कागद नष्ट करावयाचे असतात; सोळा वर्षे पूर्ण केलेल्यांच्या काही अतिगंभीर गुन्ह्यांचा मात्र त्याला अपवाद आहे. प्रौढांसाठी या १९५८ च्या अधिनियमात अशी तरतूद नाही.

म्हणून नोकरीच्या अर्जात जुन्या खटल्याविषयी विचारले असता ‘काही नाही’ असे लिहिणे धोक्याचे ठरते. २०१६ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, अर्जातील माहिती खरी असली पाहिजे. मात्र तरुणपणी दिलेल्या घोषणांसारख्या क्षुल्लक प्रकरणातील लपवणूकही मालक आपल्या विवेकाने माफ करू शकतो.

कायद्याने दार पूर्ण उघडलेले नाही, केवळ कडी काढली आहे. ते ढकलून आत यावयाचे तर बाहेरच्या माणसाने खरे सांगितले पाहिजे, आणि आत बसलेल्या आपण सर्वांनी ते ऐकून घेतले पाहिजे. बॉस्टनच्या त्या कारागिराने याहून वेगळे काय केले होते?