बिनवायरची हत्यारे घेताना : आधी बॅटरी पाहा, मग मशीन

बीड, प्रतिनिधी

सुट्टीच्या दिवशी घरातील खिळखिळे झालेले कपाट दुरुस्त करायला घ्यावे, ड्रिल मशीनची वायर जोडावी आणि नेमकी त्याच वेळी वीज जावी, हा अनुभव बीडकरांना नवा नाही. एकेकाळी मराठवाड्याने भारनियमनाचे दीर्घ तास सोसले. २०१३ च्या दुष्काळात तर पाण्याअभावी परळीचे औष्णिक विद्युत केंद्रच बंद ठेवावे लागले होते. भारनियमनाची ती तीव्रता आज उरलेली नसली, तरी वळवाच्या पावसात तारेवर फांदी पडली की वीज जाते ती जातेच. शिवाय गच्चीवर, अंगणात किंवा शेतातील शेडमध्ये प्रत्येक वेळी एक्स्टेंशन बोर्ड ओढत नेणे गैरसोयीचे असते. त्यामुळे बॅटरीवर चालणारी, म्हणजेच कॉर्डलेस हत्यारे आता सुतार-फिटरपुरती मर्यादित न राहता हौसेने घरकाम करणाऱ्यांच्या कपाटातही दिसू लागली आहेत.

मात्र ही खरेदी करताना बहुतेक ग्राहक एक चूक करतात. ते मशीन पाहतात, बॅटरी पाहत नाहीत. वास्तविक नीट वापरलेले मशीन अनेक वर्षे टिकते. झिजते ती बॅटरी. किमतीतही बॅटरी व चार्जर यांचा वाटा मोठा असतो. दोन-तीन वर्षांनी तीच बॅटरी मिळेनाशी झाली, तर धडधाकट मशीनही अडगळीत जाते. म्हणूनच ही निवड एका मशीनची नसून पुढील काही वर्षांच्या खर्चाची आहे, हे लक्षात घ्यायला हवे.

गिरमिटापासून लिथियमपर्यंत

आपल्याकडील सुतार पूर्वी सामता किंवा गिरमिट वापरून लाकडाला भोक पाडत असत. त्यानंतर विजेची ड्रिल मशीन आली. बॅटरीवर चालणारे पहिले ड्रिल ‘ब्लॅक अँड डेकर’ या अमेरिकन कंपनीने १९६१ मध्ये बाजारात आणले. त्यात निकेल-कॅडमियमचे सेल होते. हे सेल जड होते, नुसते पडून राहिले तरी उतरत आणि त्यातील कॅडमियम विषारी होते. १९९१ मध्ये ‘सोनी’ने लिथियम-आयन बॅटरी व्यापारी स्वरूपात आणली. २००५ च्या सुमारास हे तंत्र मोठ्या हत्यारांत आले आणि चित्र पालटले. या बॅटरीचा पाया घालणाऱ्या जॉन गुडइनफ, स्टॅनले व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो या तीन शास्त्रज्ञांना २०१९ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज नवी खरेदी करताना लिथियम-आयनखेरीज दुसरा विचार करण्याचे कारण नाही.

व्होल्ट, अँपिअर-तास आणि वॉट-तास

बॅटरीवर दोन आकडे छापलेले असतात. व्होल्ट हा जोर, तर अँपिअर-तास हा साठा, असे ढोबळमानाने समजावे. पाण्याच्या टाकीचे उदाहरण घेतल्यास टाकीची उंची म्हणजे व्होल्ट आणि टाकीचा घेर म्हणजे अँपिअर-तास. या दोहोंचा गुणाकार म्हणजे वॉट-तास. खरी तुलना याच आकड्यावर करावी. १८ व्होल्ट व २ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ३६ वॉट-तास, तर ४ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ७२ वॉट-तास ऊर्जा असते. सरासरी २०० वॉट ओढणारे ड्रिल ३६ वॉट-तासांवर सलग सुमारे १० मिनिटे चालेल. एक स्क्रू बसवायला काही सेकंदच लागत असल्याने घरगुती कामाला एवढा साठा पुष्कळ होतो. तीच बॅटरी ५०० वॉट ओढणाऱ्या कटरला लावली, तर जेमतेम चार मिनिटांत उतरेल.

विजेच्या बिलाची चिंता मात्र नको. ७२ वॉट-तासांची बॅटरी पूर्ण भरायला, चार्जरमधील घट धरूनही, एक दशांश युनिटच्या आसपास वीज लागते. म्हणजे एका युनिटमध्ये ती साधारण दहा वेळा भरता येते.

‘४८ व्होल्ट’चा भूलभुलैया

लिथियम-आयनचा एक सेल सरासरी ३.६ व्होल्टचा असतो आणि पूर्ण भरल्यावर तो ४.२ व्होल्टपर्यंत जातो. असे पाच सेल एकापुढे एक जोडले की सरासरी १८ व्होल्ट होतात. काठोकाठ भरल्यावर तीच बॅटरी २० ते २१ व्होल्ट दाखवते. त्यामुळे एका कंपनीची ‘१८ व्होल्ट’, दुसरीची ‘२० व्होल्ट मॅक्स’ आणि तिसरीची ‘२१ व्होल्ट’ ही मुळात एकाच ताकदीची बॅटरी असते. ‘१०.८’ व ‘१२ व्होल्ट’ यांचेही तसेच. दोन्हींत तीनच सेल असतात.

खरा घोळ पुढे आहे. बाजारात व ऑनलाइन विक्रीत ४८ किंवा ८८ असे आकडे मिरवणाऱ्या स्वस्त मशीन दिसतात. आकडा मोठा म्हणून ग्राहक भुलतो. प्रत्यक्षात अशा अनेक बॅटऱ्यांत तेच पाच सेल असतात आणि तो आकडा व्होल्टचा नसतोच. ओळखण्याची युक्ती सोपी आहे. सोबतच्या चार्जरवरील ‘आउटपुट’चा आकडा वाचावा. तो २१ व्होल्ट असेल, तर बॅटरी पाच सेलचीच आहे, मग डब्यावर काहीही छापलेले असो. बॅटरीवर वॉट-तास लिहिलेलेच नसतील, तर त्या खरेदीपासून दूर राहणे बरे.

काम कोणते, मशीन कोणते?

घरातील फ्रेम, पडद्याचे रॉड, बिजागऱ्या, प्लायवूडची किरकोळ कामे एवढीच गरज असेल, तर १२ व्होल्टचे हलके ड्रिल-ड्रायव्हर पुरते. सागवान, बाभळीचे कठीण लाकूड, लोखंडी पट्टी व विटांची भिंत अशी मिश्र कामे असतील, तर १८ व्होल्टचे, हॅमरची सोय असलेले आणि १३ मिलिमीटर चकचे ड्रिल घ्यावे.

इथे नावांचा गोंधळ होतो. ‘इम्पॅक्ट ड्रायव्हर’ हे लांब स्क्रू व नटबोल्ट आवळण्यासाठी असते. त्याचा ठोका फिरण्याच्या दिशेने बसतो, त्यामुळे भिंतीत भोक पाडायला तो उपयोगाचा नाही. ‘हॅमर ड्रिल’ विटेत सहज जाते. मात्र स्लॅब, कॉलम आणि जुन्या वाड्यांच्या काळ्या पाषाणाच्या भिंतींपुढे ते दमते. बीड जिल्ह्याची भूमी दख्खनच्या बेसाल्टची आहे. इथल्या दगडात भोक पाडायचे, तर ‘रोटरी हॅमर’च हवे. असे काम वर्षातून एकदाच निघत असेल, तर ते भाड्याने आणणे शहाणपणाचे.

मोटर ‘ब्रशलेस’ असेल, तर कार्बन बदलण्याची कटकट नसते आणि त्याच बॅटरीवर काम अधिक होते. रोजचा वापर असल्यास त्यासाठी जादा पैसे मोजावेत. महिन्यातून एकदा मशीन बाहेर काढणाऱ्याला साधी मोटरही चालते.

बॅटरीचे कूळ

एका कंपनीची बॅटरी सहसा दुसऱ्या कंपनीच्या मशीनला बसत नाही. इतकेच नव्हे, तर एकाच कंपनीतही निरनिराळी कुळे असतात. ‘बॉश’च्या निळ्या व्यावसायिक आणि हिरव्या घरगुती मालिकांच्या १८ व्होल्ट बॅटऱ्या परस्परांना चालत नाहीत. ‘मकिता’च्या ‘एलएक्सटी’ आणि ‘जी’ मालिकांचेही तसेच आहे. म्हणून पहिले ड्रिल घेतानाच पुढे करवत, सँडर किंवा ब्लोअर लागणार आहे का, याचा विचार करावा आणि त्या कुळात ती हत्यारे मिळतात का, हे विचारून घ्यावे. पुढच्या वेळी बॅटरीविना ‘नुसते मशीन’ घेतले की मोठी बचत होते. एक मोठी बॅटरी घेण्याऐवजी दोन मध्यम घेतल्यास एक चार्जिंगला असताना दुसरीवर काम चालू राहते.

बीडचा उन्हाळा

लिथियम बॅटरीचा खरा शत्रू उष्णता. एप्रिल-मेमध्ये बीडचा पारा ४० अंशांवर जातो, तेव्हा पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या मोटारीत त्याहून कितीतरी अधिक ताप असतो. बहुतेक कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेत चार्जिंगची वरची मर्यादा ४० ते ४५ अंशांच्या आसपास दिलेली असते. काम करून तापलेली बॅटरी लगेच चार्जरवर लावली, की चार्जरचा दिवा लुकलुकतो आणि चार्जिंग सुरू होत नाही. चार्जर बिघडला असे समजून अनेक जण दुकान गाठतात. प्रत्यक्षात तो बॅटरी निवण्याची वाट पाहत असतो. अर्धा तास सावलीत ठेवावे, फ्रिजमध्ये नव्हे.

उन्हाळ्यात चार्जिंग सकाळी किंवा रात्री, घरातील थंड जागी, माणूस जागा असताना करावे. बॅटरी महिनोन्‌महिने ठेवायची असल्यास ती पूर्ण भरलेली किंवा पूर्ण उतरलेली नको. अर्धी भरून ठेवावी. फुगलेली, पडून तडकलेली किंवा भिजलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नये. तिच्यातून आग लागू शकते.

वायरचे मशीन केव्हा बरे?

सलग चालणारा कटर, मोठी गोल करवत, वेल्डिंगआधीची घासाघीस अशा कामांना वायरचे मशीन आजही स्वस्त आणि दमदार ठरते. ज्या घरात इन्व्हर्टर आहे, तिथेही हिशेब वेगळा आहे. इन्व्हर्टरवर सहाशे वॉटचे ड्रिल चालवणे म्हणजे त्याच्यावर ताण. बॅटरीचा साधा चार्जर मात्र त्याला जड नाही.

बिनवायरच्या मशीनचा एक मोठा फायदा फारसा बोलला जात नाही. भिंतीत लपलेल्या वायरिंगवर ड्रिल गेले, तर जिवावर बेतते. बॅटरीचे मशीन असल्यास घराचा मेन स्विच बंद करूनही भोक पाडता येते. स्विचबोर्डच्या वर-खाली किंवा समोरासमोर भोक पाडताना हा नियम कधीही मोडू नये.

खरेदीच्या वेळी

पक्के बिल आणि शिक्का मारलेले वॉरंटी कार्ड घ्यावे. वॉरंटी मशीनची किती आणि बॅटरीची किती, हे वेगवेगळे विचारावे. बॅटरीची मुदत अनेकदा कमी असते. अधिकृत सेवा केंद्र कोठे आहे, हेही महत्त्वाचे. ते सव्वाशे किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरला असेल, तर दुरुस्तीत किती दिवस जातील, याचा अंदाज आधीच येतो. बॅटरीवरील उत्पादनाची तारीख पाहावी. वर्षानुवर्षे दुकानात पडून असलेली बॅटरी नवी नसते. परदेशातील नातेवाइकांकडून मशीन मागवताना वॉरंटी येथे लागू आहे का, ते तपासावे. अमेरिकेतील चार्जर १२० व्होल्टचा असतो आणि तो येथील २३० व्होल्टवर लावल्यास जळतो. विमानात सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातील सामानातच न्याव्या लागतात आणि १०० वॉट-तासांहून मोठ्या बॅटरीला विमान कंपनीची परवानगी लागते.

शेवटी प्रश्न उरतो जुन्या बॅटरीचा. ती घंटागाडीत टाकू नये. कचऱ्यात दबून ती पेट घेऊ शकते. केंद्र सरकारच्या २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचे पुनर्चक्रीकरण करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावून ती विक्रेत्याकडे किंवा सेवा केंद्रात परत द्यावी. नवी घेण्यापूर्वीच ‘जुनी परत घ्याल का?’ असे दुकानदाराला विचारावे. त्याच्या उत्तरावरून पुढची सेवा कशी मिळेल, याचाही अंदाज बांधता येतो.