काळ्या बुरशीचं इंजेक्शन आणि परळचं केईएम

मे 2021 आठवतो? कोरोनातून उठलेल्या माणसाचा डोळा सुजायचा, गाल बधिर व्हायचा आणि डॉक्टर चिठ्ठीवर लिहायचे: लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन बी. नातेवाईक ती चिठ्ठी घेऊन जिल्हाभर मेडिकल पालथे घालायचे. हिशोब साधा होता. किलोमागे 5 मिलिग्रॅम धरलं तर 60 किलोच्या माणसाला दिवसाला 300 मिलिग्रॅम, म्हणजे 50 मिलिग्रॅमच्या 6 वायल. एका वायलला काही हजार रुपये, आणि उपचार कित्येक आठवडे.

मूळ औषध जुनंच आहे. 1950 च्या दशकात व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या एका जिवाणूपासून ते मिळालं. बुरशीच्या पेशीच्या आवरणाला ते भोकं पाडतं. पण आपल्या पेशींचं आवरणही थोडंफार तसंच, त्यामुळे थंडीताप भरायचा आणि किडन्या खराब व्हायच्या. बुरशी मारता मारता पेशंटच खचायचा.

तोडगा वेगळ्याच ठिकाणी सापडला. इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या बाब्रहम इथं अ‍ॅलेक बँगहॅम यांना 1960 च्या दशकात दिसलं की, काही स्निग्ध पदार्थ पाण्यात टाकले की आपोआप बारीक पोकळ गोळ्या बनवतात. हेच लायपोसोम. पुढे ग्रेगरी ग्रेगोरियाडिस यांनी त्याचा औषध वाहून नेण्यासाठी उपयोग मांडला. अशा 100 नॅनोमीटरहून लहान गोळीच्या आवरणात अ‍ॅम्फोटेरिसिन बसवलं की ते बुरशीपर्यंत पोचतं आणि किडनीवरचा मारा पुष्कळ कमी होतो. युरोपात 1990 च्या सुमारास आणि अमेरिकेत 1997 मध्ये असं औषध मंजूर झालं.

आता आपल्या घरची गोष्ट. परदेशी औषध परवडणारं नव्हतं, तेव्हा दिल्ली विद्यापीठातले प्रा. बिमल बछावत आणि मुंबईच्या केईएममधल्या डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या गटाने देशी लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन तयार केलं. केईएम म्हणजे महापालिकेचं, गरिबांचं हॉस्पिटल. चाचण्या तिथंच झाल्या आणि ते औषध 'फंगिसोम' नावाने बाजारात आलं.

म्हणजे ज्ञान आपल्याकडे होतं, तेही सरकारी पैशातून उभं राहिलेलं. तरीही 2021 मध्ये केंद्राला राज्यांना मोजून कोटा वाटावा लागला. वर्ध्याच्या एका कंपनीने अ‍ॅम्फोटेरिसिनचं इमल्शन इंजेक्शन बनवायला सुरुवात केली, तीही मे महिना संपता संपता. जीएसटी जूनमध्ये माफ झाला. तोवर अनेकांचे डोळे गेले होते, जबडे काढावे लागले होते.

एरवी मागणी कमी असलेलं औषध कोणी साठवून ठेवत नाही, कारखानेही मोजकेच बनवतात. हे बाजाराचं गणित झालं. सरकारचं गणित वेगळं असायला हवं. आपल्या जिल्हा रुग्णालयात आज या औषधाच्या किती वायल शिल्लक आहेत, हे आमदारांना आणि पालकमंत्र्यांना विचारायला पुढच्या साथीची वाट बघायची गरज नाही.