तळटीप : वुलर सरोवर

१२. वुलर : काश्मीर खोऱ्याच्या उत्तर भागातील, बांदीपोऱ्याजवळचे गोड्या पाण्याचे विस्तीर्ण सरोवर. झेलम यात शिरते आणि सोपोरच्या बाजूने बाहेर पडते. तिचा पूर पोटात घेऊन वुलर खालच्या गावांना सांभाळते. काठच्या कुटुंबांचे पोट याच पाण्यावर आहे : मासे, कमळकाकडी (तेथील ‘नदरू’), गुरांसाठी पाणगवत आणि शिंगाडे. शिंगाडे वाळवून त्यांचे पीठ करतात. आपल्याकडे उपवासाला चालते ते याच फळाचे पीठ. १९९० मध्ये वुलरचा रामसर यादीत समावेश झाला. साचलेला गाळ आणि पाणथळीत लावलेली विलोची झाडे यांमुळे सरोवर बरेच आक्रसले आहे. त्यामुळे प्रस्तुत वर्णनातील विस्तार वाचकांनी आजचा समजू नये. – संपा.