कांद्यापेक्षा गांजा परवडला? जरा मागचं बघू



कांद्याचा लिलाव पडला की बाजार समितीच्या आवारात एक वाक्य हमखास कानावर येतं, "ह्याच्यापेक्षा गांजा लावलेला परवडला!" सगळे हसतात, चहा घेतात आणि रिकामा ट्रॅक्टर घेऊन घरी जातात. पण २०२१ मध्ये हे वाक्य कागदावर उतरलं. सोलापूर जिल्ह्यात, मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला, की कुठल्याच पिकाला धड भाव नाही, मला गांजा लावायची परवानगी द्या. ती मिळाली नाही. मिळणारही नव्हती. पण तेव्हापासून माझ्या डोक्यात एक प्रश्न घोळत होता. आपल्याकडं हे पीक कधी कुणी उघड, सरकारच्या परवान्यावर घेतलं होतं का?

घेतलं होतं. आणि फार लांब नाही. सिन्नर सोडून संगमनेरच्या दिशेनं निघालं की जो जिल्हा लागतो, तिथं. जुना नगर, आताचा अहिल्यानगर. इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यातल्या गांजाच्या लागवडीत नगरचं नाव ठळक होतं. मध्य प्रांतात खांडवा आणि बंगालमध्ये नौगाव ही दुसरी मोठी ठिकाणं.

आधी एक घोळ निस्तरू. जुन्या इंग्रजी कागदात "हेम्प" दिसलं की लोक लगेच गांजा समजतात. तसं नाही. आपला ताग म्हणजे त्यांचा "सन हेम्प", आणि आपली अंबाडी म्हणजे "डेक्कन हेम्प". अंबाडीचं शास्त्रीय नावच हिबिस्कस कॅनाबिनस आहे, कारण तिचं पान भांगेच्या पानासारखं बोटं फुटलेलं. म्हणजे आजोबा हेम्प लावायचे, असं कुठं वाचलंत तर बहुतेक ते दोरखंडाचं पीक असणार. भाकरीसोबत भाजी खाल्ली ती वेगळीच!

१८९३ मध्ये इंग्रज सरकारनं या झाडाच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला. मॅकवर्थ यंग हे अध्यक्ष. देशभर फिरून १,१९३ जणांच्या साक्षी घेतल्या आणि १८९४ मध्ये अहवाल दिला. थोडक्यात निष्कर्ष असा, की माफक वापरानं फार नुकसान होत नाही, सरसकट बंदीची गरज नाही. पण लागवड परवान्याशिवाय नको, ती ठरावीक भागात आणावी, दुकानं कमी करावी आणि कर नीट बसवावा. नशेचा प्रश्न हाताळताना सरकारचा एक डोळा तिजोरीवर होता, हे लपून राहत नाही.

आता शेतकऱ्याच्या नजरेनं हे पीक बघा. गांजा म्हणजे मादी झाडाचा फुलोरा. नर झाड वेगळं, मादी वेगळं. नराचा पराग वाऱ्यावर उडतो. तो मादीवर बसला की झाड बी भरायला लागतं आणि माल गेला. म्हणून सगळं वावर ओळीनं चालून नर ओळखून उपटायचे. नौगावकडं यासाठी खास पारखी माणसं असायची. इंग्रज त्यांना चक्क "गांजा डॉक्टर" म्हणायचे. एक नर नजरेतून सुटला तर आजूबाजूची झाडं वाया. द्राक्षात विरळणीला माणसं मिळेनात म्हणून आपण रडतो, तसलंच काम, पण चुकीला माफी नाही.

वेळ बघा. रात्र मोठी व्हायला लागली की हे झाड फुलावर येतं. म्हणजे पावसाळा सरता सरता फूल, आणि कापणी थंडीत. आपल्या ऑक्टोबर छाटणीचा बाग ज्या दिवसांत जीव मुठीत धरून उभा असतो, तेच दिवस. दाट फुलोऱ्यात पाणी किंवा दव अडकलं की करडी बुरशी धरते. तीच बोट्रायटिस, जी द्राक्षाचे घड सडवते. भुरी येते, लाल कोळी येतो, हरभऱ्यातली घाटेअळी फुलोऱ्यात घुसते. २००९ च्या फयान वादळानंतर डाऊनीनं आपले बाग कसे बसवले आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये निफाडकडं गारांनी काय केलं, ते आठवा. त्या गारांनी हे पीक ओळखून सोडलं नसतं. शिवाय त्या काळी फवारणी तरी कुठली? बोर्डो मिश्रणच १८८५ च्या सुमारास फ्रान्सात नुकतं पुढं आलेलं.

बरं, एवढं करून पैसा कुणाचा? परवाना सरकारचा, आणि माल विकायचा तो परवानाधारक व्यापाऱ्यालाच. गिऱ्हाईक चिलीम ओढणारं, कर सरकारला, मधला नफा मक्तेदाराला. शेतकऱ्यानं भाव ठरवला, असं इथंही नाही. दलाल-व्यापाऱ्यांच्या कचाट्यातून सुटायला नौगावच्या गांजा उत्पादकांनी शेवटी १९१७ मध्ये स्वतःची सहकारी संस्था काढली. तिनं पुढं शाळा आणि दवाखानेही चालवले. म्हणजे ज्या पिकाला आज लोक "सोन्याचं" म्हणतात, त्याच्या शेतकऱ्यालाही भावासाठी एकत्र यावं लागलं. आपल्याकडं १९९१ मध्ये द्राक्ष निर्यातीसाठी महाग्रेप्स उभी राहिली, त्यामागचं दुखणं फार वेगळं नव्हतं.

पुढं १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि १९८५ मध्ये देशभरासाठी एनडीपीएस. आता बेकायदा लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. आणखी एक गोष्ट वाटेकऱ्याला वावर देणाऱ्यांनी ध्यानात ठेवा. आपल्या जमिनीत कुणी हे लावलंय असं कळलं, तर पोलिसांना लगेच सांगणं ही जमीनधारकाची कायदेशीर जबाबदारी आहे. माहीत असून गप्प बसलात तर तुम्हीही अडकता. तुरीत, उसात लपवलेली झाडं सापडल्याच्या बातम्या दरवर्षी येतातच.

मोहोळच्या त्या भावाला मी हसत नाही. त्याला गांजा नको होता हो, भाव हवा होता. पण इतिहास बघितला तर ते पीकही आपल्या बाकी पिकांचं सख्खं भावंडच निघालं. रोग तेच, आभाळ तेच, आणि तराजू दुसऱ्याच्या हातात. पीक बदलून तो तराजू आपल्या हातात येत नाही. नौगाववाल्यांना हे शंभर वर्षांपूर्वी कळलं.

सिन्नर, संगमनेर, अकोलेकडच्या कुणाच्या घरात तसले जुने परवाने, पावत्या किंवा आजोबांच्या तोंडच्या आठवणी असतील तर जरूर सांगा. आणि हो, आभाळ भरून आलंय, उद्याची फवारणी जपून करा.