डोक्यातला पाट आणि डोक्यातली पाळ

मंडळी, आपल्या भंडारा जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. तलावाची पाळ कशी फुटते, हे तुम्हांला बाहेरच्या माणसाने सांगायला नको. आधी एका जागी माती सैल होते, पाळीला पोट सुटतं, आणि मग पावसाच्या एखाद्या रात्री सगळं पाणी धानात शिरतं. आज जी हकिकत सांगायची आहे ती अशाच एका पाळीची आहे. फरक इतकाच, की ही पाळ माणसाच्या डोक्यात असते.

शाळेच्या पुस्तकात रोहिणी आणि नीला अशी दोन नावं असतात. रोहिणी हा पाट. हृदयाकडून जोराने येणारं रक्त त्यातून वाहतं. पाटाचं पाणी बांध्यांत पसरून संथ होतं, तसं हे रक्त केसासारख्या बारीक वाहिन्यांत पसरतं, मेंदूला पोसतं आणि मग नीलेत, म्हणजे नाल्यात, उतरतं. गुरुजींना फळ्यावर एवढं चित्र काढता आलं की पुढचं सोपं आहे. या व्यवस्थेत दोन बिघाड होतात. पहिला असा, की रोहिणीला जिथे फाटा फुटतो तिथे तिची भिंत कमजोर होऊन फुगा धरते. डॉक्टर त्याला ॲन्युरिझम म्हणतात. दुसरा बिघाड बहुधा जन्मापासूनचा. त्यात पाट बांधीला वगळून थेट नाल्याला जोडलेला असतो. बांधी कोरडी राहते, आणि नाल्याचे काठ काही पाटाच्या जोरासाठी घडलेले नसतात. ते कधीतरी फुटतात.

घाबरण्याचं कारण नाही. असा फुगा शंभरातल्या सुमारे तिघांच्या डोक्यात असतो आणि बहुतेकांचा जन्मभर फुटत नाही. पण ज्याचा फुटतो, त्याचं काय करायचं, हा प्रश्न वैद्यकाला फार उशिरा सुटला.

रोहिणी आणि नीला यांची थेट जोडणी पहिल्यांदा नीट ओळखली ती लंडनच्या विल्यम हंटर यांनी, 1757 साली, आणि तीही डोक्यात नव्हे, कोपराजवळ. त्या काळी तिकडेही कुठल्याही दुखण्यावर फस्त खोलून रक्त काढीत. पातं नीलेतून आरपार जाऊन खालच्या रोहिणीत शिरलं, की दोन्ही एकमेकींना जोडल्या जात आणि त्या जागी हात ठेवला तर गुरगुर लागे. म्हणजे उपचारानेच केलेला रोग! हात दिसतो, चाचपता येतो. डोकं मात्र हाडाच्या पेटीत बंद. त्यामुळे मेंदूतला फुगा बहुधा सापडायचा तो माणूस गेल्यावर, शवविच्छेदनाच्या टेबलावर.

ही पेटी न उघडता आत पाहण्याची युक्ती 1927 साली पोर्तुगालमधल्या लिस्बन शहरी एगास मोनिझ यांनी काढली. मानेतल्या मोठ्या रोहिणीत, क्ष-किरणांना अडवील असं औषध टोचायचं आणि त्याच क्षणी कवटीचा फोटो घ्यायचा. फोटोत मेंदूच्या वाहिन्या झाडाच्या फांद्यांसारख्या उमटल्या. मोनिझ यांना 1949 साली नोबेल पारितोषिक मिळालं, पण ते मेंदूचे धागे तोडण्याच्या एका शस्त्रक्रियेबद्दल. ती शस्त्रक्रिया पुढे वैद्यकाने टाकून दिली. ज्या कामाने आजवर माणसं वाचताहेत, त्याला ते पारितोषिक मिळालंच नाही.

दिसू लागल्यावर हात घालण्याचं धैर्य आलं. 1931 साली एडिंबरा येथे नॉर्मन डॉट यांनी रोग्याच्याच मांडीतला मांसाचा तुकडा घेऊन फुटलेल्या फुग्याभोवती लपेटला. फुटक्या पाळीवर मातीची पोती टाकावीत, तसंच हे. मग 23 मार्च 1937 रोजी अमेरिकेत बाल्टिमोर येथे वॉल्टर डँडी यांनी चांदीचा छोटा चिमटा फुग्याच्या मानेवर बसवला. रोगी 43 वर्षांचा; फुग्याच्या दाबाने त्याची एक पापणी गळून पडली होती. तो बरा होऊन घरी गेला. 1967 पासून झुरिचच्या यासरगिल यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ही कामं करायला सुरुवात केली, आणि चिमट्याची शस्त्रक्रिया पुष्कळच निर्धोक झाली.

पुढची कल्पना मला सर्वांत नामी वाटते. कवटी उघडायचीच कशाला, पाटातूनच आत शिरू या! 1960 साली वॉशिंग्टनमध्ये ल्युसेनहॉप आणि स्पेन्स यांनी प्लास्टिकच्या गोळ्या रक्ताबरोबर सोडून चुकीची जोडणी बुजवण्याचा प्रयत्न केला. मॉस्कोच्या सेर्बिनेंको यांनी बारीक नळीच्या टोकाला सुटणारा फुगा लावला. 1990 साली गुग्लिएल्मी या इटालियन डॉक्टरांनी लॉस एंजलिसमध्ये जांघेतून नळी घालून थेट मेंदूतल्या फुग्यात प्लॅटिनमच्या तारेचं वेटोळं सोडलं आणि विजेच्या हलक्या प्रवाहाने ते नळीपासून वेगळं केलं. वेटोळ्यांनी फुगा भरला की रक्त आत शिरत नाही. चिमटा बरा की तार, याची परीक्षा 2,143 रोग्यांवर झाली. फुगा फुटलेले आणि दोन्ही उपाय शक्य असलेले हे रोगी होते. 2002 साली निकाल आला: वर्षाअखेर मरण पावलेले वा परावलंबी झालेले, तारेच्या गटात शंभरी सुमारे 24, चिमट्याच्या गटात सुमारे 31. तरी चिमटा अडगळीत गेलेला नाही. काही फुग्यांचं तोंडच असं रुंद असतं, की तार आत ठरत नाही.

आपल्या देशात मेंदूच्या शस्त्रक्रियेचा पहिला विभाग 1949 साली वेल्लोरला डॉ. जेकब चँडी यांनी उघडला, 1950 साली मद्रासला डॉ. राममूर्तींनी, आणि 1951 साली मुंबईत डॉ. राम गिंडे यांनी. त्या वेळी भंडारा मुंबई राज्यात नव्हताच. आपली राजधानी नागपूर, आणि तिथलं मेडिकल कॉलेज 1947 सालचं. मुंबई आठशे किलोमीटरांवर. फुटलेला फुगा इतका वेळ थांबत नाही. पुन्हा रक्तस्राव होण्याची भीती सर्वांत जास्त असते ती पहिल्या चोवीस तासांत.

आपल्या भागाशी आणखी एक धागा जुळतो. 1958 साली शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलविषयी ‘लॅन्सेट’ साप्ताहिकात लिहिलं. सिकलसेलच्या रोग्यांत मेंदूच्या वाहिन्या अरुंद होतात, आणि काहींत त्यांना फुगेही येतात. अशा मुलाने वर्गात डोकं धरलं, बोलताना अडखळलं किंवा त्याचा हात लुळा पडला, तर गुरुजी, त्याला नुसतं घरी पाठवू नका.

आणि मोठ्यांचं? मे महिन्यात धडधाकट माणूस एकाएकी ओरडतो, असं डोकं जन्मात दुखलं नाही म्हणतो, ओकतो, त्याची मान ताठ होते. घरचे म्हणतात, ऊन लागलं, पन्हं पाजा. तरण्या पोराला झटका आला तर मिरगी म्हणतात आणि भगताकडे नेतात. ऊनही लागतं, मिरगीही असते, हे खरं. पण एका क्षणात घण बसावा तशी सुरू झालेली डोकेदुखी ही वेगळी. 2014 सालापासून महाराष्ट्रात 108 नंबरवर गाडी येते, आणि मेंदूच्या शस्त्रक्रिया महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतात, तेव्हा रेशनकार्ड आणि आधार बरोबर घ्यावं. डोकं दुखायला लागलं तेव्हा किती वाजले होते, हे डॉक्टर पहिल्यांदा विचारतील. गाडीत बसणाऱ्याने ते कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून घेतलं तरी चालेल.