शारदा सदन

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ सुरू केलेली, मुख्यतः उच्चवर्णीय हिंदू विधवांसाठीची निवासी शाळा. ख्रिस्ती माणसाने नुसती सेवा करावी की सेवेबरोबर सुवार्ताही सांगावी, हा वाद महाराष्ट्रात सर्वांत गाजला तो या शाळेवरून.

रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला होता. शाळेचा खर्च मात्र बॉस्टनच्या अमेरिकन रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांसाठी उचलला, तोही धर्माबाबत तटस्थ राहण्याच्या बोलीवर. मुलींना आपापले सोवळेओवळे पाळण्याची मुभा होती. वाँटेजच्या मठातील रमाबाईंच्या मार्गदर्शक सिस्टर जेराल्डाइन यांना ही तटस्थताच खुपत होती. १८९० अखेर शाळा पुण्यात आली आणि तक्रार उलट बाजूने सुरू झाली.

रमाबाई आपल्या खोलीत मुलगी मनोरमा हिच्यासह बायबल वाचत, प्रार्थना करीत. दार उघडे असे. कुणाला बोलावणे नव्हते, आलेल्याला मज्जावही नव्हता. काही मुली येऊन बसू लागल्या. स्वतःचा धर्म लपूनछपून पाळण्याचे वचन आपण दिलेले नाही, अशी रमाबाईंची भूमिका. ‘केसरी’ला त्यात धर्मांतराचा डाव दिसला. ज्या बाईच्या आश्रयाला राहायचे तिच्याच प्रार्थनेला जाऊन बसणाऱ्या मुलीची इच्छा कितपत मोकळी, ही शंका झटकून टाकण्यासारखी नाही. पण त्याच मुलीच्या केशवपनाच्या वेळी तिची इच्छा कुणी विचारली होती? १८९३ मध्ये न्या. रानडे आणि रा. गो. भांडारकर हे पाठीराखेही सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

पुढे रमाबाईंनी तटस्थतेचा नाद सोडला. १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींमुळे पुणे जिल्ह्यातील केडगाव येथले त्यांचे काम वाढले, १८९८ मध्ये अमेरिकन मदतीची मुदत संपली आणि तिथले मुक्ती मिशन उघडपणे ख्रिस्ती संस्था म्हणून उभे राहिले. तिथल्या छापखान्यात मुलीच खिळे जुळवत; रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर तिथेच छापले गेले.

सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिने १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. सदनावरचा हिंदू पालकांचा विश्वास उडाल्यावर विधवांसाठी निराळी संस्था हवी, हे ओळखून कर्व्यांनी १८९६ मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला.